दार तपासतात, दप्तर नाही

नीलेश घायवळ देशाबाहेर निघून गेला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये कोथरूडमध्ये गोळीबार झाला, पोलिस टोळीच्या मागे लागले आणि मग कळलं, की ज्याला शोधायचं तो आधीच विमानात बसलेला आहे. पुणे पोलिसांनी त्याचा पासपोर्ट खणून काढला. पत्ता अहिल्यानगरचा. इंग्रजी स्पेलिंगमधला एक एच गाळल्यामुळे घायवळचं गायवळ झालेलं. हा माणूस दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही, असं तिथल्या पोलिसांनी कळवलं होतं, हेही तपासात बाहेर आलं. तरी पासपोर्ट निघाला होता. त्यावर व्हिसाही मिळाला होता.

आता सदाशिव पेठेत या.

आमच्या ओळखीच्या एक काकू आहेत. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. मुलगा अमेरिकेत, आता तिथला नागरिक. काका गेल्यावर आईला इथे एकटं ठेवायचं नाही म्हणून त्याने तिच्या ग्रीन कार्डचा अर्ज भरला. अमेरिकेचा नियम असा, की स्थायिक व्हायला येणारा सोळा किंवा त्याहून जास्त वर्षांचा असेल तर पोलिसांचा दाखला हवा. वय सत्तरच्या पुढे गेलं म्हणून सूट नाही. म्हणजे काकूंना पीसीसी, अर्थात पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, काढणं आलं.

पीसीसी देतं पासपोर्ट कार्यालय. शुल्क ५०० रुपये. अर्ज ऑनलाइन, मग मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात टोकन घ्यायचं आणि ए, बी, सी अशा तीन खिडक्यांतून पुढे सरकायचं. इथपर्यंत काकूंची काही तक्रार नाही. वेळेत बोलावलं, वेळेत सोडलं, बसायला खुर्ची दिली. सरकारी कामात पुणेकराने यापेक्षा जास्त काय मागावं!

अडलं ते पुढे, पत्त्यावर. वाडा पडून तिथे इमारत उभी राहिली. पासपोर्टवर वाड्याचा घर क्रमांक, आधारवर इमारतीचं नाव, विजेचं बिल अजून काकांच्याच नावावर. जागा तीच, माणूस तोच, कागद तीन. सदाशिव पेठेत ही घरोघरची गोष्ट आहे. पुनर्विकास झालेल्या कुठल्याही इमारतीत जाऊन विचारा. इथे घर क्रमांक रस्त्याने ओळीत लागत नाहीत. पोस्टमन आणि जुने रहिवासी सोडले तर कुणाला ते सांगता येत नाहीत. बाहेरून आलेल्या माणसाला एका क्रमांकाच्या शेजारी भलताच क्रमांक दिसतो.

हवालदार घरी आले. माणूस सज्जन होता, हे आधी सांगते. चपलांच्या कपाटावर फाइल टेकवून त्यांनी उभ्या उभ्या लिहायला सुरुवात केली. किती वर्षं राहता? काकू म्हणाल्या, लग्न होऊन याच जागेत आले. मग दोन शेजाऱ्यांच्या सह्या आणि त्यांच्या आधारच्या झेरॉक्स मागितल्या. इथे खरी पंचाईत. समोरच्या दाराला कुलूप, ती मंडळी सिडनीला लेकीकडे. वरच्या मजल्यावर अभ्यासिका, तिथली मुलं दर काही महिन्यांनी बदलतात. त्याच्या वरचा फ्लॅट बंद, मालक न्यू जर्सीत. शेवटी खालच्या औषधाच्या दुकानदाराने एक सही दिली आणि दुसरी इस्त्रीवाल्याने. इस्त्रीवाल्याचं आधार त्याच्या गावच्या पत्त्याचं, ते चालेल की नाही यावर पुन्हा खल. हवालदार म्हणाले, ‘काकू, तुमच्याबद्दल मला काही विचारायचंच नाहीये हो. पण फॉर्मात रकाना आहे.’

माझा राग आहे तो या रकान्यावर.

काकूंच्या नावावर एखादा गुन्हा आहे का, एवढाच अमेरिकेचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर काकूंच्या दारात नाही, शेजाऱ्याच्या आधार कार्डात नाही, विजेच्या बिलात तर नाहीच नाही. ते पोलिसांच्याच दप्तरात आहे. ज्याच्या ताब्यात दप्तर, त्याने ते उघडायचं सोडून म्हाताऱ्या बाईला साक्षीदार गोळा करायला लावायचं, ही कुठली रीत? गुन्ह्याची नोंद सरकारकडे आणि ती नसल्याचा पुरावा आणायचा नागरिकाने! न्यायालयात ज्याच्यावर आरोप आहे त्यालासुद्धा आपण असं वागवत नाही. तिथे शाबीत करायची जबाबदारी सरकारची असते.

आणि दारात जाऊन केलेली चौकशी गुन्हेगाराला अडवते का? घायवळ प्रकरणात तर दारात माणूस नव्हता हेही पोलिसांना कळलं होतं. तत्काळ योजनेत पासपोर्ट आधी हातात पडतो आणि पोलिसांचा अहवाल मागून येतो. तो अहवाल प्रतिकूल आला तर पासपोर्ट परत घ्यायची कारवाई लगेच व्हायला हवी. ती झाली नाही. नावातलं एक अक्षर बदललं आणि पुण्यातले गुन्हे अहिल्यानगरच्या कागदावर उमटलेच नाहीत. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

बरं, दारात जायची गरज नाही हे काही माझं शहाणपण नव्हे. जून २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानेच पासपोर्टच्या पडताळणीचे निकष बदलले. अर्जदार भारतीय नागरिक आहे का आणि त्याच्यावर फौजदारी प्रकरण चालू आहे का, पोलिसांनी एवढंच कळवायचं. त्याच्याही आधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाने डिजिटल पोलिस पोर्टल सुरू केलं, तेव्हा सांगितलं होतं, की गुन्ह्यांच्या नोंदींचं देशभरचं संगणक जाळं पासपोर्ट सेवेला जोडू आणि पोलिसांनी घरी जायची पद्धत बंद होईल. हे जाळं म्हणजे सीसीटीएनएस. त्याला मंजुरी मिळाली २००९ मध्ये. तेव्हा बालवाडीत असलेली मुलं आता परदेशी शिक्षणासाठी अर्ज भरताहेत आणि त्यांच्या दारात अजून फाइल घेऊन हवालदार येतो.

का येतो? एक कारण दरपत्रकात दिसतं. पडताळणीच्या कामासाठी परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या पोलिसांना पैसे देतं. अहवाल २१ दिवसांत आला तर अर्जामागे १५० रुपये, उशीर झाला तर ५०. वेळेचं बक्षीस ठेवलं हे चांगलंच आहे. पण नोंदी किती खोलवर तपासल्या, दुसऱ्या जिल्ह्यात पाहिलं का, नावाचं वेगळं स्पेलिंग टाकून पाहिलं का, याला त्या दरात जागा नाही. २१ दिवसांत काय होऊ शकतं? दार ठोठावणं, दोन सह्या, शिक्का. तेवढंच होतं.

नावांचं दुखणं तर मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या ठाण्यात फिर्याद देवनागरीत लिहिली जाते. पासपोर्टवर नाव रोमन लिपीत. मधल्या पुलावर कुणी टंकलेखक बसलेला असतो, त्याला जसं ऐकू येईल तसं तो लिहितो. दीक्षितांचं स्पेलिंग एकाच घरात दोन तऱ्हेचं असतं. बापटांच्या स्पेलिंगला कुणी आणखी एक टी जोडतं, कुणी नाही. नाव जुळवून गुन्हेगार शोधायचा म्हटलं, की दोन्हीकडून नुकसान. ज्याला लपायचं आहे तो एक अक्षर गाळून लपतो. आणि ज्याने काही केलेलं नाही, पण ज्याच्या नावाचा दुसरा कुणी एखाद्या ठाण्याच्या वहीत आहे, तो फुकट अडकतो. ‘तो मी नव्हे’ हे सांगायला त्याला वडिलांचं नाव, जन्मतारीख, जुना पत्ता असं गाठोडं घेऊन खेटे घालावे लागतात. सदाशिव पेठेत जोशी, कुलकर्णी, देशपांडे किती आहेत ते मोजायच्या भानगडीत मी पडत नाही.

अमेरिकेची एफबीआय अशा दाखल्यासाठी बोटांचे ठसे मागते. शुल्क १८ डॉलर. तिकडे राहून पुण्याला परत आलेला माणूस इथून ठसे पाठवून दाखला मागवू शकतो. ब्रिटनमध्ये काही वर्षं ऑनसाइट काढून आलेला आमच्या पेठेतला मुलगा कॅनडाला अर्ज करतो, तेव्हा ब्रिटनचा दाखला घरबसल्या ऑनलाइन अर्ज करून मिळवतो. तिथले पोलिस त्याच्या लंडनमधल्या जुन्या शेजाऱ्याला उठवायला जात नाहीत. त्यांना नोंद पाहायची असते, ते नोंद पाहतात. आपल्याकडे ही सोय नाही असंही नाही. बोटांच्या ठशांची देशपातळीवरची यंत्रणा, नॅफिस, २०२२ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र पोलिसांकडे त्यांची स्वतःची यंत्रणा, ॲम्बिस, आहे. पासपोर्ट केंद्राच्या खिडकीवर अर्जदार बोटं ठेवतोच. मग स्पेलिंगच्या भरवशावर का बसायचं? अर्जदाराच्या संमतीने, त्या एका अर्जापुरते ठसे जुळवा, उत्तर कळवा आणि विषय संपवा. सगळ्या गावाचे ठसे पोलिसांनी गोळा करून ठेवावेत असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर त्याला विरोध करीन.

हे काम हलकं झालं तर पोलिसांचंच भलं आहे. जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन हल्लेखोर धावला. तिला वाचवलं रस्त्यावरच्या तरुण पोरांनी, जिवावर उदार होऊन. पेरूगेट चौकीत त्या वेळी पोलिस नव्हते म्हणून तिघांना निलंबित करावं लागलं. त्या सकाळची आठवण पेठेत अजून ताजी आहे. चौकीत माणसं मोजकी. त्यातल्या एखाद्याने इस्त्रीवाल्याचं आधार कार्ड तपासत बसायचं की चौकात उभं राहायचं? पालकांना विचारा, क्लासला जाणाऱ्या मुलींना विचारा. उत्तराला क्षणभरही लागणार नाही.

अभ्यासिकांतल्या मुलांचं प्रकरण आणखी वाईट आहे. पेठेत कॉट बेसिसवर राहणारी मुलं हजारोंनी आहेत. नांदेडची, बीडची, सोलापूरची. मालक भाडेकरार करून देत नाही. करून दिला तर तो नोंदवत नाही. मुलगा स्पर्धा परीक्षेचा नाद सोडून जर्मनीत नर्सिंगला किंवा दुबईत नोकरीला जायचं ठरवतो. पीसीसीचा अर्ज करताना सध्याचा पत्ता सदाशिव पेठेचा टाकला तर पुरावा नाही. गावचा टाकला तर गावच्या ठाण्यातून फोन येतो, आज संध्याकाळी घरी हजर राहा. हा इथे मेसच्या रांगेत. जायला रात्रीची एसटी, एका दिवसाची कोचिंगची सुट्टी, आणि तिथे पोचल्यावर साहेब बंदोबस्तावर गेलेले. खोली भाड्याने देताना पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते. ती माहिती पोलिसांकडे असेल, तर त्याच माहितीवर पत्ता का मानत नाहीत? आणि नसेल, तर खोलीमालकाला कधी विचारणार?

मुलांना आणखी एक जुनं ओझं आहे. मार्च २०२० नंतर लॉकडाऊनमध्ये कलम १८८ खाली, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याबद्दल, राज्यात लाखाच्या वर गुन्हे नोंदले गेले. विनाकारण बाहेर पडला, मास्क नव्हता, चार मित्र कट्ट्यावर दिसले. पोलिसांवर तेव्हा काय वेळ होती हे मला माहीत आहे. स्वतःचे सहकारी गमावून ते रस्त्यावर उभे होते. पण गुन्हा तो गुन्हा, वहीत चढला. पुढे पासपोर्टला अन् नोकरीला पडताळणी आली, की तोच वर. मार्च २०२२ मध्ये तेव्हाचे गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी हे गुन्हे मागे घ्यायची घोषणा केली आणि कारण हेच दिलं, की विद्यार्थ्यांना आणि तरुणांना पासपोर्ट आणि नोकऱ्यांसाठी अडचण येते. निर्णय योग्य होता. मात्र दाखल झालेला खटला मंत्र्यांच्या घोषणेने मिटत नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज द्यायचा, न्यायालयाने परवानगी द्यायची, मग पोलिसांच्या नोंदीत तो बंद झाल्याचं चढायचं. या तीन पायऱ्यांतली एक जरी चुकली, तर नोंद जिथल्या तिथे. ज्या मुलाने तेव्हा पाचशे रुपये दंड भरून विषय डोक्यातून काढून टाकला, त्याला व्हिसाच्या ऐन वेळी शिवाजीनगर न्यायालयात जाऊन निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढावी लागते. गुन्हा सरकारने लिहिला, मागे घ्यायचा असं सरकारने ठरवलं, नक्कल मात्र मुलाने आणायची!

परदेशी निघालेल्या प्रत्येकाने एक करावं. व्हिसाचा अर्ज भरायच्या बऱ्याच आधी आपल्या नावावर असं काही शिल्लक नाही ना, हे पाहून घ्यावं. मुदतींचा काच फार असतो. कॅनडाला सध्या राहतो त्या देशाचा दाखला अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतला लागतो. न्यूझीलंडलाही तसंच ताजं हवं. ऑस्ट्रेलिया गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे एकूण बारा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचा कागद मागतं. लवकर काढला तर शिळा होतो, उशिरा काढला तर संधी जाते. अशा वेळी हवालदाराचा एक फेरा चुकला, की सगळं गणित कोसळतं. आणि याच घाईवर मधली माणसं जगतात.

हो, मधली माणसं. दोन दाखले आहेत आणि लोकांना त्यातला फरक कुणी सांगत नाही. पोलिस आयुक्तालयाकडून मिळतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो इथल्या नोकरीला, सुरक्षारक्षकाच्या परवान्याला, कंपनीला लागतो. परदेशात स्थायिक व्हायला भारतीय पासपोर्टवाल्याला लागते ती पीसीसी, आणि ती पासपोर्ट कार्यालयाची. एजंट पहिला काढून देतो, हजारो रुपये घेतो, दूतावास तो परत पाठवतो, मग दुसरा काढायचे पुन्हा पैसे. अर्ज स्वतः भरता येतो. २८ सप्टेंबर २०२२ पासून पीसीसीची सोय पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही झाली आहे. पासपोर्टवरचा पत्ता बदललेला नसेल आणि मागची पडताळणी स्वच्छ असेल, तर पासपोर्ट केंद्रात त्याच दिवशीही दाखला मिळून जाऊ शकतो. म्हणून घर बदललं की पासपोर्टवरचा पत्ता तेव्हाच बदलून घ्या; पीसीसीची वाट पाहू नका. दारात आलेल्याने चहापाण्याचं नाव काढलं, तर १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे. ‘कुठे वैर घेता, पाचशे रुपये टाका’ असं सांगणारे आपलेच नातेवाईक असतात. त्यांचं ऐकू नका. तुमच्या पाचशे रुपयांमुळे पुढच्या दारात हजार मागितले जातात.

हा कागद मागणं न मागणं किती सरकारांच्या मर्जीवर असतं, याचं उदाहरण सौदी अरेबियाचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाने जाहीर केलं, की भारतीयांना आता व्हिसासाठी पोलिसांचा दाखला लागणार नाही. दोन महिने आधी गर्दी एवढी वाढली होती, की पीसीसीसाठी पोस्टातली केंद्रंही उघडावी लागली. आणि एका निवेदनाने हजारो कामगारांचा हेलपाटा वाचला. दोन देश बोलले की मार्ग निघतो. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका कागद मागणं सोडणार नाहीत आणि त्यांनी सोडावं असंही मला वाटत नाही. कोण येतंय हे पाहायचा त्यांना हक्क आहे. पण तो कागद कसा तयार करायचा, हे ओटावात ठरत नाही. ते दिल्लीत, मुंबईत आणि पुण्याच्या आयुक्तालयात ठरतं.

परदेशी जाणं ही सरकारची मेहेरबानी नाही, हा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनींच्या खटल्यात दिला आणि त्यामुळेच त्या वर्षीच्या जूनमध्ये पासपोर्ट कायदा करावा लागला. त्याआधी पासपोर्ट द्यायचा की नाही, हे अधिकाऱ्याच्या मनावर होतं. ती सवय गोऱ्या साहेबाची. १९१८ मध्ये लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला निघाले, कोलंबोपर्यंत पोचले, आणि तिथे त्यांचे पासपोर्ट रद्द झाल्याचं कळलं. सगळ्यांना माघारी यावं लागलं. त्याच वर्षी पुढे ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या दाव्यासाठी त्यांना जाऊ दिलं, तेही राजकारण करणार नाही या अटीवर. नागरिक म्हणजे आधी संशयित, मग बाकी सगळं, अशी त्या राज्याची नजर होती. टिळकांचा केसरीवाडा सदाशिव पेठेपासून चालत जायच्या अंतरावर आहे. शंभर वर्षं उलटल्यावर तीच नजर निवृत्त शिक्षिकेच्या दारात यावी, हे मला मान्य नाही.

ज्यांच्यावर खरोखर काही दाखल आहे त्यांचं काय? तिथेही सरसकट दार बंद करणं चूक. नुसती फिर्याद नोंदली गेली आणि तपास चालू आहे, म्हणून पासपोर्ट अडवता येत नाही, असं परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. न्यायालयाने दखल घेतलेली असली पाहिजे. पीसीसी देताना मात्र खिडकीवर हे भान सुटतं. भावाच्या घरातल्या भांडणात फिर्यादीत सगळ्या कुटुंबाची नावं घातली गेली, आणि त्यात लग्न होऊन वेगळ्या गावी राहणारी बहीणही आली, असं किती घरांत झालेलं आहे. तक्रार करणाऱ्या सुनेचं दुःख खरं असू शकतं आणि त्या बहिणीचा त्यात काडीचा संबंध नसू शकतो, दोन्ही एकाच वेळी. तिला वर्षानुवर्षं ‘बघू, वरून अडलंय’ एवढंच ऐकवायचं? दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अर्जदाराच्या बाजूने सांगितलं, की प्रलंबित फिर्यादीची खरी माहिती दाखल्यात लिहा आणि दाखला द्या. पुढे काय करायचं ते तो देश ठरवेल. हे सरळ आहे, प्रामाणिक आहे, आणि पुण्यात उद्यापासून करता येण्यासारखं आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. नोंद स्वच्छ असेल तर कुणाच्या दारात न जाता पीसीसी त्याच दिवशी द्या. पत्त्यावर माणूस सापडला नाही असा अहवाल आला, तर दिलेला पासपोर्ट तातडीने परत मागवा. घायवळसारखं गोळीबार झाल्यावर नको. आणि शेरा प्रतिकूल असेल तर गुन्ह्याचा नोंदणी क्रमांक, ठाणं, कलम, न्यायालयातली आजची स्थिती आणि अपील कुणाकडे करायचं त्या अधिकाऱ्याचं पद, हे सगळं त्याच आठवड्यात अर्जदाराच्या हातात लेखी पडलं पाहिजे, मराठीत.